सात नंबरची डावी बाजू

१२ जुलै

डॉक्टर प्रूइट म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. चारा किती, किती वेळा, शेण कसं. "आठवणीवर विसंबू नका, मिसेस टोलेफसन." माझं वय त्यांनी इतक्या सभ्यपणे काढलं की राग येईपर्यंत त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली होती. ही वही म्हणजे खताच्या दुकानातून नाताळात फुकट मिळणारी डायरी. जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत. तशीच असू देत.

तर : लसूणघास एक पौंड, दर चार तासांनी. शेण पातळ.

जनावरं दोन. डोंगरापलीकडच्या एका माणसाच्या कुरणातून शेरीफच्या लोकांनी अकरा शिंगरं जप्त केली. कुरण कसलं, नुसती माती. रविवारी चर्चच्या तळघरात डेप्युटीनं विचारलं, कोण सांभाळेल? शेजारची ट्वायला मोठ्यानं म्हणाली, "नॉर्व्हल वारल्यापासून आर्डिसचा तबेला रिकामाच आहे. चौतीस वर्षं त्याच्या बरोबरीनं लोकांची घोडी शिकवलीत तिनं." माझ्या तोंडात केक होता. तोंडात केक असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. गिळेपर्यंत त्यानं माझं नाव लिहून घेतलं होतं.

त्यांच्या मागच्या पुठ्ठ्यांवर हिरव्या रंगानं आकडे घातलेत. सात नंबर ही दोन वर्षांची घोडी, मातकट रंगाची, बरगड्या मोजता येतात. नऊ नंबर हा वर्षाचा घोडा, पोट सुटलेलं, पण ते जंतांचं. मी त्यांना नावं देणार नाही. नाव दिलं की जनावर घरचं होतं, आणि ही घरची करायची नाहीत. ३१ ऑक्टोबरपर्यंत यांना कायमची घरं मिळाली पाहिजेत. नाही मिळाली तर कोर्टाचा हुकूम आहे, लिलाव. तिथं अशी जनावरं कोण घेतं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मांसाच्या वजनावर घेतात, ट्रक सरहद्दीपार उत्तरेला जातो आणि रिकामा परत येतो.

१३ जुलै

चारा सहा वेळा. शेण बरं. मी बरी नाही.

१९ जुलै

आज मूर्खपणा केला. नऊ नंबर रिकाम्या टोपल्याकडे असा बघत होता की मला राहवलं नाही. ओटची अर्धी बादली त्याच्यापुढे ठेवली. तासाभरानं तो जमिनीवर लोळायला लागला. डॉक्टर आल्या, नाकातून नळी घालून पोट साफ केलं. दुपारपर्यंत मी त्याला चालवत होते, तो मला चालवत होता.

"उपाशी जनावराला एकदम भरपेट घातलं तर ते मरतं. मी कागदावर लिहून दिलं होतं."

"वाचलं होतं मी."

"मग?"

"कागदावर त्याचा चेहरा नव्हता."

डॉक्टर हसल्या नाहीत. बरोबरच आहे.

मी वाचते पुष्कळ, पण ते कामी येतंच असं नाही. शाळा आठवीत सुटली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नॉर्व्हलनं एका लिलावात मला ज्ञानकोशाचे एकोणीस खंड घेऊन दिले. एच अक्षराचा खंड त्यात नव्हता. बाकीचे मी सगळे वाचले. त्यामुळे हॉर्स, हिस्टरी आणि हजबंड हे तीन विषय सोडले तर मला जगातलं बरंच कळतं.

३ ऑगस्ट

सात नंबरच्या तोंडावर मोरकी चढली! बावीस दिवस लागले. रीत सोपी आहे. रिंगणात उभं राहायचं. ती पळते, पळू द्यायचं. ती थांबून बघते, तेव्हा आपण पाठ फिरवून चालायला लागायचं. थांबलं की माणूस त्रास द्यायचं सोडतं, हे तिला कळतं. माणसांना हे शिकवायला जास्त दिवस लागतात.

मी तिच्या उजव्या खांद्याशी उभी राहते. तिथं वारा पाठीवर येतो, बरं पडतं.

गावात महिन्यातून दोनदा येणाऱ्या ग्रंथालयाच्या गाडीतून घोड्यांवरचं एक पुस्तक आणलंय. त्यात आहे की घोड्याला जे एका डोळ्यासमोर शिकवलं ते दुसऱ्या डोळ्याला ठाऊक नसतं, पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. मी समासात पेन्सिलीनं 'फार छान' असं लिहिलं. पुस्तक परत करण्याआधी खोडायला हवं.

२० ऑगस्ट

ट्वायला आली होती. मी ट्रकमध्ये उजव्या दारानं चढून बाकावरून सरकत डावीकडच्या स्टिअरिंगपाशी जाते हे तिनं पाहिलं.

"हे काय गं?"

"डावं दार अडकतं."

तिनं एका हिसक्यात दार उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. कधीकधी अडकतं, मी म्हणाले.

मग तिला सात नंबर दाखवली. चारही खूर उचलून देते, खरारा करताना डोळे मिटते, पाठीवर गोणपाट टाकलं तर वळूनही बघत नाही. मी फुशारले होते. ट्वायला कौतुकानं पलीकडून थोपटायला गेली, तर घोडी अशी उसळली की मी दोरीला लोंबकळत राहिले.

"डावीकडून मारलंय तिला कुणीतरी," मी म्हणाले.

"हरामखोर," ट्वायला म्हणाली.

आम्ही कठड्याला टेकून त्या माणसाला तासभर शिव्या घातल्या. फार दिवसांनी इतका छान वेळ गेला.

७ सप्टेंबर

लुईसटाउनहून एक नवरा-बायको सात नंबरला बघायला आले. माणूस चांगला होता. घोड्याजवळ सगळेच जातात तसा तो डावीकडून गेला, दोरी हातात घेतली, आणि पुढच्या क्षणी पाण्याच्या हौदात बसलेला होता. कठड्याची फळी मोडली ती वेगळीच.

त्याला बाहेर काढून मी त्या दोघांना घोड्यांवर होणाऱ्या अत्याचारांवर व्याख्यान दिलं. एकाच बाजूनं मार खाल्लेलं जनावर जन्मभर ती बाजू कशी जपतं, त्याला किती प्रेम लागतं वगैरे. बायको रडली. तरी घोडी नाही नेली.

ट्वायलाला फोनवर म्हणाले, "स्वच्छ पँट घालून येणाऱ्याला घोडी देऊच नये."

"आता नाही ना त्याची स्वच्छ," ट्वायला म्हणाली.

१५ सप्टेंबर

गस राडेमाकर आला. तो सरकारी डाग तपासनीस. इथं घोडं विकायचं, द्यायचं किंवा जिल्ह्याबाहेर न्यायचं तर आधी त्यानं अंगावरचा, तापल्या लोखंडानं दिलेला मालकीचा डाग बघून कागद द्यावा लागतो. डाग नसला तर नाही म्हणून लिहायचं, पण दोन्ही बाजू बघून. आणि इथं बहुतेक जण डाग डावीकडेच देतात. नऊ नंबरची विचारपूस सुरू झालीय, म्हणून मी त्याला दोघांचे कागद आधीच करून दे म्हटलं होतं.

तो नऊ नंबरच्या डावीकडे गेला, नऊ नंबर फिरला. गस पुन्हा गेला, तो पुन्हा फिरला. तीनदा.

"यालाही डावीकडून मारलंय," मी सांगितलं.

"आणि त्या घोडीला?"

"तिलाही."

"म्हणजे तो माणूस अकरा जनावरांना ओळीनं उभं करून एकाच बाजूनं मारायचा." गसनं तोंडातली काडी दुसऱ्या गालात सरकवली. "नेमाचा पक्का दिसतोय. बरं, मोरकी कशी चढवतेस दाखव."

दाखवली.

"खूर?"

चारही उचलून दाखवले. इकडूनच वाकून, पलीकडचेसुद्धा.

"खरारा? गोणपाट?"

तेही दाखवलं. गस नॉर्व्हलचा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याला घाई नसते. त्यानं काडी काढून खिशात ठेवली.

"आर्डिस, डावीकडे कोण उभं असतं?"

"कुणी नाही."

"तेच म्हणतोय मी."

टोपीला हात लावून तो गेला. कागदावर त्यानं काही लिहिलं नाही.

१७ सप्टेंबर

गस राडेमाकरला काही कळत नाही. बायको सोडून गेली तेव्हाही त्याला आठवडाभरानं कळलं होतं.

१८ सप्टेंबर

सकाळी गोणपाट घेऊन सात नंबरजवळ गेले आणि पाय कुठं जातात ते मुद्दाम पाहिलं. उजवीकडे गेले. बाहेर आले, पुन्हा आत गेले. उजवीकडे. वारा आज समोरून होता.

नॉर्व्हल डावीकडे असायचा, दोरी त्याच्या हातात. मी उजवीकडे. तो म्हणेल तेव्हा गोणपाट टाकायचं, पट्टा खालून ओढून द्यायचा, घोडं माझ्याकडे झुकलं तर हात लावून सरळ करायचं. चौतीस वर्षं. सवय आहे, दुसरं काही नाही. लोकांना वाटतं आर्डिसला घोड्यांची माहिती आहे. आहे. अर्धी. उजवी अर्धी.

आणि त्या डोंगरापलीकडच्या माणसाला मी काय काय बोलले! त्यानं त्यांना उपाशी ठेवलं हे खरं. पण डावी बाजू त्यानं बिघडवलेली नाही. ती मी शिकवलीच नाही. दोन महिने मी या पोरांना दुसऱ्या कुणाची तरी वाट बघायला शिकवत होते.

पुस्तकातलं ते 'फार छान' खोडलं. कागद फाटला.

जाहिरात द्यावी म्हणते : घोडी मिळेल. अट एकच, मालकाला डावी बाजू नसावी.

२१ सप्टेंबर

डावीकडे उभी राहिले. घोडीनं गिरकी घेऊन मला पुन्हा उजवीकडे आणलं. मी चालत पलीकडे गेले, तिनं पुन्हा फिरवलं. अर्धा तास आम्ही अशा नाचलो. जिंकली ती.

२४ सप्टेंबर

कठड्याला लागून उभी केली, म्हणजे फिरायला जागा नाही. दहा मिनिटं डावीकडे. डाव्या हातानं करायचं ते उजव्यानं करायला लागतं. माझे हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वागतात. दोरी दोनदा पडली. घोडी थरथरत होती. गार वारा सुटला होता.

मोरकी चढवायला जमलं नाही. मोरकी तिथंच टाकून घरात आले आणि कपाट आवरत बसले. कपाट आवरायची काही गरज नव्हती.

४ ऑक्टोबर

नऊ नंबर लहान म्हणून लवकर शिकला. आज गेला. रेड वॉटरच्या रस्त्यावरचं मेंढ्यावाल्यांचं कुटुंब, घरात सहा माणसं, सगळी मोठ्यानं बोलणारी. त्यांनी ट्रेलरमध्ये चढवतानाच त्याला नाव देऊन टाकलं. मी न ऐकल्यासारखं केलं.

सात नंबरनं दिवसभर फाटकाशी उभं राहून हाका मारल्या. मी तिला सांगितलं, होतं असं.

१३ ऑक्टोबर

बर्फ पडलं, टिकलं नाही. डेप्युटीचा फोन. एक नोव्हेंबरला सकाळी लिलावाचा ट्रक येईल, राहिलेली चार जनावरं उचलायला.

"तुमच्याकडची त्यातच धरू ना?"

"नका धरू."

"घर मिळालं का?"

"मिळेल."

"मिसेस टोलेफसन, मी पेन्सिलीनं लिहितो."

ट्वायला म्हणते, तूच ठेव. कोर्टाच्या कागदात आहे, सांभाळणाऱ्यानं ठेवायची नाही. ते नसतं तरी... मी आता चौसष्ट. घोडी तीस वर्षं जगते. तिला माझ्यानंतर पुन्हा कुठल्यातरी तळघरात केक खाणाऱ्या बाईची वाट बघावी लागेल.

डावीकडून मोरकी : सात वेळा. खूर : पुढचा एक. मागचा मागू नये.

१९ ऑक्टोबर

मागचा मागितला. दिला! मग त्याच खुरानं माझी टोपली चिरडली. हिशेब बरोबर.

२४ ऑक्टोबर

न सांगता एक बाई आली. लोर्ना बीलर, शेजारच्या जिल्ह्यात शाळेत स्वयंपाक करते. माझ्याएवढीच बुटकी, कानांवर ओढलेली विणलेली टोपी. तिच्या म्हाताऱ्या घोड्याचा जोडीदार वसंतात मेला, तेव्हापासून तो खात नाही.

ती कठड्याला टेकून घोडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिला काय येतं ते सांगू नका. ते सगळेच सांगतात. काय येत नाही ते सांगा."

सात दिवस उरलेत. दुसरं कुणी विचारलेलं नाही. मला लुईसटाउनची ती रडणारी बायको आठवली. मारलेल्या घोडीची गोष्ट लोकांना आवडते, आणि ती मला आता पाठ होती.

"डावी बाजू कच्ची आहे," मी म्हणाले. "महिन्याभरापूर्वीपर्यंत नव्हतीच. एका माणसाला हिनं हौदात बसवलं."

"मार खाल्लाय?"

"नाही. शिकवणारी बाई अर्धवट होती."

"कोण?"

"मीच."

मग मी सगळंच सांगितलं. गसचं, गोणपाटाचं, कोण कुठे उभं असायचं ते. इतकं सांगायची गरज नव्हती. एकटं राहिलं की माणसाचा नळ नीट बंद होत नाही. मग लोर्ना आत गेली, डावीकडून. घोडीची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत थरथरली, पण पाय हलले नाहीत. लोर्नानं हात ठेवला, काढला, पाठ फिरवून बाहेर आली.

"विचार करते," ती म्हणाली.

विचार करते म्हणणारी माणसं काय करतात ते मला माहीत आहे. नॉर्व्हलला मी तसंच म्हणाले होते, पण तो अपवाद.

२६ ऑक्टोबर

फोन नाही. ट्वायला म्हणाली, "खरं बोलायची एवढी हौस होती तर चर्चमध्ये बोलायचंस. तिथं कुणी घोडी न्यायला येत नाही."

डावीकडून मोरकी, चारही खूर, गोणपाट. ती देते. मीच अजून दोन श्वास घेऊन जाते.

२७ ऑक्टोबर

फोन नाही. दोनदा उचलून बघितला, चालू आहे.

२८ ऑक्टोबर

लोर्नाचा फोन, दुपारी. मागे शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. "माझ्या म्हाताऱ्यासाठी तबेल्याची भिंत काढून मोठी जागा केली, म्हणून उशीर झाला. परवा येऊ का?"

मी म्हणाले या. मग ती म्हणाली, "मीही अर्धवटच आहे, मिसेस टोलेफसन. मला फक्त डावी बाजू येते. आम्ही सगळे तेवढंच शिकतो."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

डेप्युटीला कळवलं. खोडतानाचा आवाज मला फोनवर ऐकू आला, किंवा मी तसं धरून चालते.

३० ऑक्टोबर

गस आठ वाजता आला. सात नंबरच्या उजवीकडून गेला, मागून वळसा घालून डावीकडे आला. खांदा बघितला, पुठ्ठा बघितला, मानेवरचे केस उलटे करून बघितले. ती उभी राहिली. एक कान त्याच्यावर, एक माझ्यावर.

"डाग नाही," गस म्हणाला आणि लिहिलं. मग पुन्हा म्हणाला, "कुठेच नाही." नाक पुसलं. थंडी होती.

लोर्नाचा ट्रेलर दहाला आला. न शिकलेलं जनावर पहिल्यांदा चढवताना दोन माणसं लागतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. लोर्नानं दोरी घेतली, डावीकडे. मी पलीकडे, माझ्या जागी. ट्रेलरच्या फळीशी येऊन घोडी थांबली. घाबरली नव्हती. नुसती मान वळवून माझ्याकडे बघत होती. दोनदा केलं, दोनदा तसंच.

"तुम्ही घ्या दोरी," लोर्ना म्हणाली. "तुमच्याबरोबर एकदा चढली की माझ्याबरोबर चढेल. मी तिकडे येते."

मी हो-नाही म्हणायच्या आत ती दोरी माझ्या हातात देऊन वळसा घालून गेली. मी डावीकडे आले. घोडीच्या पाठीवरून पलीकडे पाहिलं.

लोर्नाची टोपी दिसत होती, टोपीखाली दोन भुवया, आणि त्यांच्यामधे चिंतेची एक घडी. सात नंबर अजून खुजी आहे म्हणून मला डोळेही दिसले. नॉर्व्हलचे घोडे उंच असायचे. त्याला एवढंच दिसत असणार, माझी टोपी आणि भुवया. पट्टा आवळता आवळता तो मधेच विचारायचा, "आज काय बिनसलंय?" मी म्हणायचे, तुला कसं कळलं? तो म्हणायचा, घोड्यानं सांगितलं. चौतीस वर्षं मी ते खरं मानत आले.

"काय झालं?" लोर्नानं विचारलं. मी हसत होते की काय कोण जाणे.

"भुवया," मी म्हणाले. "सैल सोडा. इकडून सगळं दिसतं."

तिनं सोडल्या. मी फळीवर पाऊल टाकलं, दोरी न ओढता, आणि सात नंबर माझ्या खांद्याला खांदा लावून वर आली.